डबीतले आठ स्क्रू

"स्क्रू कुठायत?" मी विचारलं.

"डबीत," दस्तगीरचाचा म्हणाले आणि मान वर न करता सतारीच्या भोपळ्यावर कानस फिरवत राहिले.

तपकिरीची रिकामी डबी होती ती. उघडली, तर आत आठ स्क्रू. चार माझ्या बेस गिटारचे, चार गजूभाऊंच्या. ज्यांच्यात ते असायला हवे होते ते दोन्ही बेस चटईवर शेजारी शेजारी निजवलेले. माझ्या बेसच्या धडाला गजूभाऊंचा नेक, म्हणजे पट्ट्या बसवलेला तो लांब दांडा, आणि त्यांच्या बेसच्या धडाला माझा. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे होतं. मी माझा बेस उलटा केला. स्क्रूंच्या भोकांत बांबूचे चार खिळे ठोकून, घासून, गुळगुळीत केलेले. सांध्याला नाक लावलं तर सरसाचा वास आला.

"चाचा, तुम्ही चिकटवलंत?"

"मग? सरसाबिगर दांडी बसती व्हय कुठं?"

"अहो, पण दोन महिन्यांसाठी होतं ना हे! गणपती झाले की ज्याचा नेक त्याला परत!"

चाचांची कानस थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी बसलेल्या गजूभाऊंकडे. गजूभाऊ माझ्या आधीच येऊन बसले होते. कोपऱ्यात स्टोव्हवर पातेल्यात पाणी खळखळत होतं.

"त्यात काय एवढं," चाचा म्हणाले, "ते तर..."

"चाचा," गजूभाऊ मध्येच बोलले, "चहाचं आधण आटायला लागलंय. स्टोव्ह बंद करू का?"

चाचा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग कानस उचलत म्हणाले, "कर."

चहा काही आला नाही. माझं तिकडे लक्षही नव्हतं. मला रडू येत होतं आणि त्या दोघांसमोर रडायचं नव्हतं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि सांगलीच्या 'चंद्रबिंब' ऑर्केस्ट्रात बेस वाजवत होते. बेस वाजवणारी मुलगी म्हणून लोक मला बघायला यायचे, ऐकायला नव्हे, हे मला कळत होतं. त्याचा मला रागही यायचा आणि त्यावर माझं चाललेलंही होतं.

बेस माझ्या पप्पांचा. आमोस सातपुते, मिरज स्टेशनात सिग्नलला नोकरी आणि उरलेल्या वेळात ऑर्केस्ट्रा. वीस वर्षं त्यांनी एकच बेस वाजवला. त्याचा नेक पोटात चांगला जाडजूड होता. पप्पांचा अंगठा मागून जिथे टेकायचा तिथलं पॉलिश उडून लाकडात उथळ खळगा पडला होता. पप्पा गेल्यावर मी बेस पहिल्यांदा मांडीवर घेतला, तेव्हा न बघता माझा अंगठा त्या खळग्यात जाऊन बसला. त्या दिवसापासून मी वाजवायला लागले. आई म्हणायची, चर्चमध्ये पेटी वाजव, तुझा हात बघ केवढासा. हात खरंच केवढासा होता.

साध्या गाण्यांना तो पुरायचा. पण त्या वर्षी मालकांनी कोळीगीतांची मेडली बसवली होती आणि तिच्यात बेसला एक चढती ओळ होती. पहिलं बोट एका पट्टीवर रोवून करंगळी चार पट्ट्या पलीकडे टाकायची, तीही पळत्या लयीत. त्या जाड नेकला वळसा घालता घालताच माझा पंजा संपायचा. करंगळी पोचायची नाही. सूर फसकन बसायचा आणि पुढे नाचणाऱ्या पोरी मागे वळून बघायच्या. तीन कार्यक्रमांत तीनदा झालं.

मालकांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण तोंडानं फटकळ.

"रिबेका, रविवारी सकाळी तालीम आहे. मेडली स्वच्छ आली तर गणपतीत बेसवर तू. नाही आली, तर बेस की-बोर्डवर घेऊ. तू कोरसमध्ये उभी राहा. साडी देतो."

ती साडी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली. सोनेरी काठाची, अकरा जणींसारखीच.

गणपतीत ऑर्केस्ट्राचे दोन संच फिरायचे, म्हणून बेसवालेही दोन. दुसरे गजूभाऊ लोंढे. सहा फूट उंच, सांगलीच्या हळद पेठेत तोलारी. दिवसभर हळदीची पोती काट्यावर घालायची आणि नंतर बेस वाजवायचा, त्यामुळे त्यांची बोटं बारा महिने पिवळी. पप्पांनीच त्यांना शिकवलं होतं. ती मेडली ते अशी वाजवायचे की नाचणाऱ्यांचे पाय आपोआप उचलले जावेत. मी विंगेत उभी राहून बघायचे आणि त्यांच्यावर जळायचे. आता लपवण्यात काय अर्थ आहे?

त्यांचा बेस कलकत्त्याच्या त्याच कारखान्यातला, पण नंतरचा. त्याचा नेक सडपातळ होता.

"माझा नेक तुला घे," ते म्हणाले. "तुझ्या पप्पांचा मला दे."

"पप्पांचा नेक दुसऱ्याच्या गिटारला? त्यापेक्षा कोरसची साडी नेसते."

"अगं, ऐक तर. मला बी ह्याचा तरासच हाय. काडी धरल्यागत वाटतं. एवढा थोरला माणूस मी, पंजा आखडून बसतो माझा. तुझ्या पप्पांचा कसा, मूठभर जाड हाय. तुझं बी काम हुतंय, माझं बी. गणपती झाले की ज्याचा त्याला."

मी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. या देहाला तो नेक काडीसारखाच वाटणार, हे अगदी पटलं. तरी आठवडाभर नाही म्हणाले. शेवटी रविवार पाच दिवसांवर आला, तेव्हा दोघांचे बेस घेऊन आम्ही मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दस्तगीरचाचांकडे गेलो.

चाचांनी जन्मभर तंबोरे आणि सतारी केल्या होत्या. बेस गिटार त्यांनी हातात घेतली ती मांजराच्या अनोळखी पिल्लासारखी, पाठ चोळून. स्क्रू सोडवून नेक वेगळा झाला तेव्हा त्यांना हसू फुटलं.

"एवढं मोठं वाद्य आनि ह्या चार स्क्रूंवर उभं? हे जुळवून बघन्यापुरतं असंल."

हे त्यांचं वाक्य मी ऐकलं होतं. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

नेक बदलला तर सांध्यात अर्ध्या सुताचा फरक पडत होता. तो भरून काढतो म्हणाले. पण आधी हात मोजायचा. वाजवणाऱ्याचा हात मोजल्याशिवाय चाचा कुठल्याही वाद्याला हत्यार लावत नसत. पंजा ताणून धरायचा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत दोरा धरायचा. त्यांची मुलगी शमीम तंबोऱ्याला तारा ओवत बसली होती, तिनं दोऱ्याला गाठ मारली आणि नावाची चिठ्ठी बांधली. आधी माझा, मग गजूभाऊंचा. चाचांनी दोन्ही दोरे उजेडाला धरले. बराच वेळ धरले. मग गजूभाऊंकडे पाहिलं.

"काय झालं, चाचा?" मी विचारलं.

गजूभाऊ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"काय न्हाई," चाचा म्हणाले. "नजर कमी झालीया." आणि त्यांनी दोरे भिंतीच्या खिळ्यावर, इतर शेदोनशे दोऱ्यांत अडकवून दिले.

तिसऱ्या दिवशी मी बेस आणायला गेले आणि डबीत आठ स्क्रू सापडले. चाचांनी त्यांच्या लेखी काम उत्तम केलं होतं. त्यांच्या धंद्यात दांडी बसवतात ती कायमची. दोन महिन्यांची दांडी ही गोष्टच त्यांच्या डोक्यात शिरलेली नव्हती. राग काढायचा तो गजूभाऊंवर काढला.

"तुमच्यामुळे झालं हे. पप्पांचा नेक गेला माझा."

"गेला न्हाई, माझ्यापाशी हाय."

"तेच ते!"

गल्लीतून स्टँडपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. ते दोन्ही बेस दोन खांद्यांना अडकवून माझ्यामागून मुकाट चालत होते.

शनिवारी दुपारी मात्र ते घरी आले. मी तोंड फिरवून बसले, तर आईशी बोलत बसले, आणि बोलता बोलता म्हणाले, "रिबे, ती चढती ओळ वाजव बघू जरा." वाजवावीच लागली. करंगळी पोचली. मी पुन्हा वाजवली, पुन्हा पोचली. पण पोचणं निराळं आणि लयीत पोचणं निराळं. ते तोंडानं ठेका धरून बसले. मी चुकले की मांडीवर थाप मारायचे आणि पहिल्यापासून. चार तास. एकदाही आवाज चढला नाही. जाताना म्हणाले, "ऐकलंस का? सूर लांबायला लागलाय. सरसानं धरलंय त्येला." खरं होतं ते. बेसचा आवाज पूर्वी पोकळ यायचा, आता एकेक सूर पोटातून उठून सावकाश विरायचा. मी ते कबूल केलं नाही.

रविवारी मेडली स्वच्छ आली. नाचणाऱ्या पोरींनी मागे वळून पाहिलं, पण आता हसून. मालक खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "पत्रकावर नाव टाका हिचं." हॉलच्या टोकाला गजूभाऊ दोन्ही पिवळे हात डोक्यावर धरून टाळ्या वाजवत होते. मी मान खाली घालून तारा पुसत राहिले. त्यांच्या खांद्याला पप्पांचा नेक लोंबत होता ना.

पुढे चौदा वर्षं आम्ही एका ऑर्केस्ट्रात काढली. मी कामापुरतं बोलत होते. गजूभाऊंनी त्या गणपतीपासून मेडली सोडली. "ती रिबूची," म्हणायचे, "मी आपला ठेका धरतो." त्यांच्याकडे संथ गाणी आली, मग कार्यक्रमातला फक्त भजनांचा पूर्वार्ध, मग मालक त्यांना एक दिवसाआड बोलावू लागले. लोक म्हणायचे, गजूभाऊ मंदावले. मीही म्हणायचे. पप्पांचा नेक त्यांना लाभला नाही असं मला वाटायचं, आणि वाईट वाटण्याऐवजी बरं वाटायचं. मी तशी होते.

मला मात्र दिवस चांगले आले. कोल्हापूर, पुणे, रेकॉर्डिंगची कामं. ऑर्केस्ट्रा बंद पडला तरी माझं अडलं नाही. आज माझ्याकडे नऊ विद्यार्थी बेस शिकतात.

गेल्या मे महिन्यात गाडीत उन्हानं तापून माझ्या बेसचा सांधा करकरायला लागला. मी मिरजेला गेले. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकान आता शमीम चालवते. केस पांढरे झालेत, पण बसते त्याच चटईवर. तिनं बेस उलटा केला, बांबूच्या खिळ्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "अब्बांचं काम. उघडून परत बसवून देते. दुपारपतुर थांबशील?"

"उघडून म्हणजे?"

"म्हंजे खिळे उपटायचे, सांध्याला गरम पान्याचं फडकं लावायचं. अर्ध्या तासात दांडी मोकळी."

"सरस सुटतो?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "सुटतो म्हनून तर लावतो आमी. वाद्य कधी ना कधी उघडावं लागतंच की."

मी चटईवर बसले. म्हटलं, "मग त्या दिवशी चाचा बोलले का नाहीत? मी केवढा आकांत केला होता."

शमीमनं हातातला बेस खाली ठेवला.

"तुला गजूभाऊंनी कधीच सांगितलं न्हाई?"

"काय?"

"त्या दिवशी ते तुज्या आदी तासभर आले हुते. खिळे बघून म्हनले, चाचा, हे तर परत काढायचं हुतं. अब्बांनी कपाळावर हात मारला. म्हनले, थांब, आत्ता उघडतो. मी स्टोव्हवर पानी ठिवलं. पानी तापंस्तवर गजूभाऊ बसून हुते. मग म्हनले, चाचा, राहू दे. तिला सांगू नका सुटतं म्हनून. सुटतं म्हनून कळलं की गणपती झाल्यावर बापाची दांडी परत मागंल आनि परत तिथंच अडकून बसंल."

स्टोव्हवरचं ते पाणी. चहाचं आधण.

"पण त्यांचंही काम झालंच की," मी म्हटलं. "त्यांना तो सडपातळ नेक नकोच होता. पंजा आखडायचा त्यांचा."

शमीम उठली. भिंतीवरचा खिळा तोच होता, दोऱ्यांचा झुबका आता उशीएवढा झाला होता. ती बराच वेळ चिठ्ठ्या चाळत राहिली. मग दोन दोरे ओढून काढले आणि माझ्या हातात दिले. एकावर रिबेका, एकावर गजानन. शाई विटलेली. मी दोन्हींची टोकं चिमटीत धरली आणि दोरे खाली सोडले.

गाठी एकमेकींशेजारी आल्या. एका रेषेत.

चौदा वर्षं त्या माणसाच्या शेजारी उभी राहिले आणि त्याचा पंजा मी कधी पाहिला नाही. उंची पाहिली, पिवळा रंग पाहिला.

शमीमनं तपकिरीची ती डबीही शोधून दिली. बेस तिच्याकडेच ठेवून मी सांगलीची बस धरली.

गजूभाऊ आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. मुलाकडे राहतात, ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले असतात. बोटांवरची हळद गेली आहे, नखांच्या मुळाशी तेवढी राहिलीय. मला बघून त्यांनी सुनेला हाक मारली, "चहा टाक गं, रिबू आलीया." जसं काही मी दर आठवड्याला येत होते.

मी दोन दोरे त्यांच्या मांडीवर ठेवले आणि डबी शेजारी ठेवली.

त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या. डबी कानाशी धरून हलवली. आतले स्क्रू वाजले तसे ते हसले.

"चाचांनी ठिवलं का हे अजून?"

"गजूभाऊ, तुमचा नेक तुम्हाला परत देते. शमीम दुपारात बदलून देईल. ती मेडली तुमची होती. तुमच्यासारखी ती मला अजूनही वाजवता येत नाही."

हे वाक्य मी बसमध्ये दहा वेळा जुळवलं होतं. पुढचं जुळवलेलं नव्हतं. "मी फार वाईट वागले तुमच्याशी."

"हूं. वागलीस खरी," ते म्हणाले आणि आणखीच हसले. "पर वाजवत हुतीस की. आमोसदादा जाताना मला म्हनले हुते, पोरगी वाजवंल असं बघ. नीट बोलंल असं बघ, असं न्हवतं म्हनले."

मग ते उठले, आतून आपला बेस घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवला.

बावीस वर्षांनी पप्पांचा नेक माझ्या हातात आला. लाकूड मागून हळदीनं पिवळं झालं होतं. मी न बघता अंगठा सरकवला. खळगा होता तिथेच होता, पण पूर्वीपेक्षा खोल. पप्पांच्या अंगठ्यावर दुसरा एक अंगठा वर्षानुवर्षं टेकत आला होता.

"वाजव ती वळ," गजूभाऊ म्हणाले.

मी पहिलं बोट रोवलं आणि करंगळी टाकली. इतक्या वर्षांच्या रियाजानं टाकली, सगळा पंजा ताणून टाकली. सूर फसकन बसला. पुन्हा टाकली. पुन्हा तेच.

गजूभाऊ खुर्चीतून पुढे वाकून माझ्या करंगळीकडे बघत होते.

"न्हाई पोचत न्हवं?"

"नाही."

"मला बी कवा पोचली न्हाई," ते म्हणाले, आणि मांडीवर थाप मारून ठेका धरला. "वाजव परत. पहिल्यापास्नं."